दिवा उघड

दुपारी तीनच्या सुमाराला सिंगापूरचं आभाळ नेहमीसारखं भरून आलं, घरात अंधारून आलं आणि शेजारीण वही घेऊन दारात उभी. चपला काढता काढता म्हणाली, "ओपन द लाइट, कॅन?"

ही बाई चीनहून आलीय, मुलाच्या शाळेपायी. नवरा तिकडे, ही इकडे. अशा आयांना चिनीत 'फेइतू मामा' म्हणतात. मुलाच्या अभ्यासाला सोबत म्हणून आलेली आई, पण 'मामा' ऐकलं की मला अजून हसू येतं. पोराचं इंग्रजी सुसाट, हिचं अडखळत. म्हणून आठवड्यातून दोनदा ती माझ्याकडे येते. मी काही मास्तरीण नव्हे. भाजी निवडता निवडता जमेल तेवढं सांगते.

"ओपन नाही, टर्न ऑन," मी म्हटलं. तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं. मग भिंतीवरच्या बटणाकडे बघून विचारलं, "व्हाय टर्न?"

खरंच की. बटण आपण दाबतो. ते फिरवणं नळाच्या तोटीचं, जुन्या गॅसच्या दिव्याच्या चावीचं. चावी गेली, शब्द मागे राहिला. एवढं सगळं मला इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मी गवारीच्या शिरा काढत बसले.

तिची सगळी गडबड होते ती 'खाय'मुळे. चिनीत उघडणं म्हणजे 'खाय', वरच्या पट्टीत सरळ ताणून म्हणायचं. आणि हा खाय नावाप्रमाणे समोर येईल ते खातो. दिवा उघडायचा, टीव्ही उघडायचा. गाडी उघडायची म्हणजे चालवायची. मीटिंग उघडायची म्हणजे भरवायची. पाणी उघडलं म्हणजे आधण आलं. जेवण उघडलं म्हणजे चला, पानं वाढलीत. सुरी उघडली म्हणजे ऑपरेशन केलं. आणि मन उघडलं म्हणजे स्वारी खूष. हे शेवटचं मला लगेच कळलं, आपल्याकडेही कळी खुलतेच. पण इंग्रजीत कुणाला आनंदानं 'माय हार्ट इज ओपन' सांगितलं, तर तो हॉस्पिटल कुठलं म्हणून विचारेल. चिनी आणि इंग्रजी यांचं बिनबोभाट जमतं ते दोन ठिकाणी, बँकेचं खातं आणि बंदुका. दोन्ही दोघांकडे उघडतात. (आपण गोळ्या झाडतो. केरही झाडतो.)

तिनं मला ते अक्षर काढून दाखवलं. जुन्या लिपीत आधी दाराच्या दोन फळ्या, मग त्यांच्या आत आडवा अडसर आणि तो काढणारे दोन हात. 1956 साली चीननं अक्षरं सोपी करायला घेतली, त्यात दारच काढून टाकलं. आता नुसता अडसर आणि हात. दार नाहीच, तर मग दिवा उघडायला कुणाची हरकत?

तशी इथे कुणाचीच नसते. आमच्या खालच्या मजल्यावर काम करणारी फिलिपिनो मुलगीसुद्धा दिवा 'ओपन'च करते, तिच्या भाषेतही तो उघडतात. सरकारनं 2000 साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून चळवळ सुरू केली, पण लिफ्टमधली पोरं खुशाल 'ऑन द लाइट' म्हणतात. मग हिच्याच वहीत लाल पेन चालवणारी मी कोण? आणि आम्ही तरी काय, दिवाही लावतो आणि दारही लावतो. एक लावलं की उजेड, दुसरं लावलं की बंद.

लाल पेनावरून आठवलं. पाचवीत नुकतंच इंग्रजी सुरू झालं होतं आणि पावसावर पाच वाक्यं लिहायची होती. मी चौथं लिहिलं, 'द रेन ओपन्ड.' बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढचा आख्खा पावसाळा, सर थांबली की मागच्या बाकावरची मुलं माझ्याकडे बघून 'ओपन, ओपन' ओरडायची. लाज वाटण्यापेक्षा मला कोडंच पडलं होतं. पाऊस उघडतो, नाहीतर काय करतो? आजी सोप्यात बसून कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि अधूनमधून मान वर करून पागोळ्यांकडे बघायची. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उंबऱ्यात तयार. "थांब, नुसता थांबलाय," ती म्हणायची. आणि मग बऱ्याच वेळानं, "उघडला गं. पळ आता." थांबलेल्या पावसाचा भरवसा नसे, तो पुन्हा गाठायचा. उघडला म्हणजे आभाळ फाटून मागचं निळं दिसायला लागलं. खोळ खुंटीला टांगून जायचं.

हे मी शेजारणीला सांगितलं. गवार तशीच ठेवून, हातवारे करून सांगितलं. इतक्या वर्षांत ते वाक्य समजू शकेल असं माणूस पहिल्यांदा समोर बसलं होतं. जी बाई दिवा उघडते, पाणी उघडते, जेवण उघडते, तिला पाऊस उघडायला काय अवघड?

ती ऐकत राहिली. मग तोंडावर वही धरून हसायलाच लागली. "रेन ओपन? नो, नो." चिनीत पाऊस नुसता थांबतो म्हणे. "रेन नॉट डोअर!"

मला रागच आला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ती छत्री घेऊन गेली, जाताना दिवा मात्र 'क्लोज' करायची विसरली.