म्हसळ्यापलीकडची कातकरी वाडी: आरोग्य शिबिराला जाणाऱ्यांसाठी

"गाडी थेट वाडीपर्यंत जाते" असं फोनवर कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाडी फाट्यापर्यंतच जाते. पुढे जांभ्याची चढण आहे, श्रावणात तिच्यावरून ओहोळ वाहतो आणि शेवाळावर पाय ठरत नाही.

औषधांची खोकी घेऊन चढणं एक वेळ जमतं. उतरताना मात्र आमच्यासोबत तापाने फणफणलेला माणूस होता. दिवसेंदिवस लावणीच्या चिखलात उभा राहिलेला. पोटऱ्यांना हात लावू देईना. सिस्टरना लेप्टोची, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, शंका आली. १०८ रुग्णवाहिका वेळेत आली, पण फाट्यावर थांबली. मग बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. उतारावर पुढच्यांनी बांबू खांद्यावर आणि मागच्यांनी कमरेशी धरायचा, नाहीतर पेशंट घसरतो. पुढच्या दोघांनी चपला काढून टाकल्या आणि अनवाणी, एकेक दगड चाचपत उतरले. आम्ही फक्त छत्री धरू शकलो. संताप येतो, अजूनही.

डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. ही चढण त्या हिशेबात कुठेच नाही. माझं स्पष्ट मत: इथे पुढच्या शिबिराआधी रस्ता हवा. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेमध्ये अशा वाड्यांसाठी रस्तेही आहेत आणि फिरता दवाखानाही. जाल तेव्हा रस्त्याची मागणी करणाऱ्या ग्रामसभेच्या ठरावासाठी वाडीतल्यांसोबत बसा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, आणि आमच्या पेशंटला खरंच एक रुपया पडला नाही. पण १०८ बरं झालेल्याला घरी सोडत नाही. परतीला रिक्षावाल्याने नऊशे मागितले! मजुरी करणाऱ्या घराने ते कुठून आणायचे? शिबिराच्या खर्चात परतीचं भाडं आधीच धरा आणि ते जाण्यापूर्वी ठरवा.



दिवाळीनंतर जाऊ नका. वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर पांगलेली असते, म्हातारी माणसं तेवढी भेटतात. पावसाळ्यातच जा, तेही संध्याकाळी, माणसं शेतावरून परतल्यावर. टीबीचे पेशंट भट्टीवर निघण्याआधी त्यांचा निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. तो दाखवला की तिथल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू ठेवता येतात.