ॲलर्जीची गोळी घेऊनही खाज का थांबत नव्हती

भादव्यात कपाशीची निंदणी चालू होती, तेव्हा पापण्यांपासून सुरुवात झाली. मग मान, मग कोपरांच्या आतली बाजू. अमळनेर तालुक्यात आमची चार एकर कपाशी आणि बांधावर कमरेएवढं गाजर गवत. दिवसा कामाच्या नादात निभायचं. रात्री अंग अंथरुणाला टेकलं की जीव नकोसा व्हायचा. माय अंधारातच विचारायची, "काय व्हयनं रे?" सांगणार तरी काय?

मेडिकलवरून सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, आणली. झोप यायची, खाज तशीच. एका दुकानदाराने ट्यूब दिली. चार दिवस बरं वाटलं, लावणं थांबवलं की दुपटीने उलटायचं. तिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र होतं, हे नंतर कळलं. डोळ्यांजवळ ती तीन आठवडे लावली, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

शेवटी धुळ्याला त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पॅच टेस्ट सांगितली. पाठीवर चिकटपट्ट्या, प्रत्येकीत छोट्या वाट्या, वाटीत एकेका पदार्थाचा अर्क. ४८ तास पाठीला पाणी नाही, घाम येईल असं काम नाही. इकडे ऐन वेचणीचे दिवस, आणि मी ओट्यावर बसून. पट्ट्या निघाल्यावर मॅडमनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला : बाकी सगळ्या खुणा कोऱ्या, एका जागी लाल, फुगलेला गोल आणि त्यावर मोहरीएवढे फोड. गाजर गवत. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं तेव्हा तो गोल आणखी मोठा झाला होता.

"मग गोळी का लागू पडली नाही?" मी विचारलं. त्यांनी कागदावर काढून समजावलं, आणि मला खरा धीर त्या कागदाने दिला.

डास चावला की कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात. ते खाजेच्या बारीक मज्जातंतूंना उठवतं. सेटिरिझिन अडवते ती हीच वाट. माझ्यासारख्या ॲलर्जीत मात्र पांढऱ्या पेशी दुसरी रसायनं सोडतात; त्यातलं इंटरल्युकिन-३१ थेट मज्जातंतूंवर काम करतं. एक दार लावलं, तरी बाकीची उघडीच.

हे तंतू अतिशय मंद. निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. घोट्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोचायलाच साधारण एक सेकंद. तिथून मेंदूकडे. खाज म्हणजे बारीकशी वेदनाच, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००७ साली दिसलं की मज्जारज्जूतल्या पेशींवरचा, खाजेचा निरोप पकडणारा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) नसलेले उंदीर खाजवणं कमी करतात, पण वेदना त्यांना पूर्वीसारखीच जाणवते.

खाजवल्यावर बरं का वाटतं, हेही त्याच कागदावर होतं. नखांनी होणारी वेदना मज्जारज्जूतल्या रोखणाऱ्या पेशी जाग्या करते, आणि खाजेचा निरोप तिथेच अडतो. पण त्या वेदनेवर उतारा म्हणून मेंदू सेरोटोनिन सोडतो, आणि उंदरांत असं दिसलंय की तेच खाज पुन्हा वाढवतं. रात्री मी रक्त येईपर्यंत का ओरबाडत होतो, ते तेव्हा उमगलं. माझ्या मनाचा कमकुवतपणा नव्हता तो.

ॲझाथायोप्रिन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू झालं, सोबत दर महिन्याला रक्ततपासणी. यंदा बांधावरचं गवत फुलायच्या आत उपटून घेतलं. मी त्या दिवशी शेताकडे फिरकलो नाही. अजून कधी रात्री मान चाळवते. तेव्हा नख लावत नाही. माठाखालचं गार फडकं पिळून मानेवर ठेवतो. गारव्यानेही तो निरोप दबतो. माय आता विचारत नाही, फडकं ओलं करून उशाशी ठेवते.