नावानंतरचा कर्नल

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका काउंटीच्या दप्तरखान्यात मी काम करते. अर्धा दिवस जुन्या वह्या स्कॅन करून त्यातली नावं एक्सेलमध्ये भरायची. उरलेला अर्धा दिवस वाचनखोलीत बसून लोकांच्या हातातली पेनं काढून घ्यायची आणि पेन्सिली द्यायच्या. पांढरे हातमोजे घालता का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही घालत, ते सिनेमात. मोजा घातला की पानाचा कोपरा बोटाला कळत नाही आणि फाटतो. हात स्वच्छ धुवून कोरडे करायचे, बस्स. मात्र वहीची चामडी बांधणी कुजलेली असली तर तिची तांबडी भुकटी दिवसभर बोटांवर राहते, डब्यातल्या पोळीलाही लागते.

ज्या वहीबद्दल लिहायचंय ती १९०२ ते १९०८ या काळातली आहे. १९००मध्ये या राज्याने घटनादुरुस्ती करून मतदाराला लिहितावाचता येण्याची सक्ती केली. हेतू उघड होता, काळ्या मतदारांना हटवायचं. पण निरक्षर गोरेही भरपूर होते, त्यांचं काय? म्हणून आजोबांची अट आली. १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्याआधी ज्याला मताचा हक्क होता तो, किंवा त्याचा थेट वंशज, निरक्षर असला तरी मतदार. फक्त १ डिसेंबर १९०८च्या आत नाव नोंदवायचं. १८६७ कशासाठी? तर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकी संसदेने दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांना मतदानाची दारं उघडून दिली होती. अटीत ‘गोरा’ हा शब्द कुठेही नाही, तारखेने काम भागवलं. मोबाइल कंपनी जुन्या ग्राहकाचा जुना प्लॅन चालू ठेवते तेव्हा आजही त्याला इथे ‘ग्रँडफादर’ केलं म्हणतात. आयटीतली आपली पोरं हा शब्द दिवसातून चारदा वापरतात.

या सवलतीत आलेल्यांची ही कायम नोंदवही. नाव, वय, कोणत्या पूर्वजाच्या जोरावर, पूर्वज कोणत्या राज्यातला, तारीख, एवढे रकाने. पहिल्यांदा उघडली तेव्हा मला माझा मामेभाऊ आठवला. जात पडताळणीसाठी आजोबांचा पन्नास सालाआधीचा दाखला शोधत तो तीन गावांच्या शाळा पालथ्या घालून आला होता. त्याला आजोबांचं वंचित असणं सिद्ध करायचं होतं. इथे आजोबांचा हक्क.

त्या मंगळवारी सकाळी एक गृहस्थ आले. साठी उलटलेले, गोरे, अतिशय सभ्य, मला दर वाक्याला ‘मॅम’ म्हणणारे. स्थानिक रिपब्लिकन समितीचं काम करतात. पक्षाच्या लिंकनच्या नावाने होणाऱ्या वार्षिक जेवणावळीत एक फलक लावायचा होता. या वहीचं एक पान मोठं करून हवं होतं आणि त्याखाली ओळ, ‘ही पाहा डेमोक्रॅट मतदारांची यादी’.

मी म्हटलं, पान देते, पण ती ओळ आमच्या नावावर जाणार नाही. वहीत पक्षाचा रकानाच नाही. या राज्यात गोरे रिपब्लिकनही होते, डोंगराळ भागात तर पुष्कळ. त्यांच्यातल्या निरक्षरांनीही याच अटीचा फायदा घेतला. कोणत्या नावाचा माणूस कोणाला मत देत होता हे कागद सांगत नाही. “आणि जे कागदावर नाही ते आम्ही घालत नाही,” असंही वर म्हणाले. जरा जास्तच ठासून म्हणाले, म्हणून हे वाक्य मला नीट आठवतंय.

गृहस्थांची माहिती चुकीची मात्र नव्हती. १८९४मध्ये इथे रिपब्लिकन आणि पॉप्युलिस्ट या पक्षांनी हातमिळवणी करून विधिमंडळ जिंकलं. काळ्या माणसांना पुन्हा पदं मिळू लागली. १८९८ची निवडणूक डेमोक्रॅटांनी उघडउघड गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या नावाने लढवली आणि १० नोव्हेंबरला विल्मिंग्टन शहरात सशस्त्र जमावाने निवडून आलेल्या नगर सरकारला बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. अलेक्झांडर मॅनली या काळ्या संपादकाचा छापखाना जाळला. किती माणसं मारली याचा नक्की आकडा आजही कोणी देऊ शकत नाही. दोन वर्षांनी घटनादुरुस्ती. हे सगळं डेमोक्रॅटांचंच.

पण या खोलीत बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. एका पक्षाच्या माणसांचा इतिहास १९००ला संपतो, दुसऱ्यांचा १९६४ला सुरू होतो. मधली चौसष्ट वर्षं कोणालाच नको असतात. या राज्यातल्या रिपब्लिकन नेत्यांनीही दुरुस्तीनंतर थोड्याच काळात काळ्या कार्यकर्त्यांना दूर सारलं. मतं उरली नाहीत तर माणसं कशाला? या धोरणाला ‘लिली-व्हाइट’ असं फुलाचं नाव होतं. पुढे फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात उत्तरेतली काळी मतं डेमोक्रॅटांकडे वळली. १९६४मध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटरला रिपब्लिकनांनी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर तो जिंकला ती पाचही राज्यं खोल दक्षिणेतली. गृहस्थांनी स्वतःच सांगितलं की त्यांचे वडील जन्मभराचे डेमोक्रॅट, १९७२मध्ये त्यांनी सिनेटसाठी रिपब्लिकन जेसी हेल्म्सला मत दिलं आणि मग परत फिरले नाहीत. हेल्म्स स्वतःही त्याच्या दोनच वर्षं आधी डेमोक्रॅटांतून आलेला.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या. कृष्णवर्णीय, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चर्चमधल्या वंशावळी लिहिणाऱ्या. मला ‘बाळा’ म्हणाव्यात अशाच सुरात ‘हनी’ म्हणतात. ओळख जुनी. त्यांनाही तीच वही हवी होती.

मी म्हटलं, “आजी, या वहीत तुमचं कोणी नसणार. ही आजोबांच्या अटीची वही आहे.”

“मला माहीत आहे कसली आहे ती,” त्या म्हणाल्या. “माझी आजी सांगायची, तिचे वडील मरेपर्यंत मत देत होते. लिंकनच्या पक्षाला. आणि त्यांना अक्षर येत नव्हतं. मग कसं देत होते ते तू सांग.”

आमच्या ऑनलाइन सूचीत त्यांनी वंश ‘कृष्णवर्णीय’ निवडून शोधलं होतं. शून्य निकाल. शून्यच येणार, कारण त्या रकान्यात अख्ख्या वहीला ‘गोरा’ मीच भरलं होतं. वहीत वंशाचा रकाना नाही. पण आमचा एक्सेलचा साचा दुसऱ्या नोंदवह्यांसाठी बनवलेला, त्यात वंश भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, आजोबांची अट म्हणजे सगळे गोरेच, खाली ओढून टाक. मी पहिल्या ओळीत भरलं आणि माउसने सातशे ओळी खाली ओढलं. १९०८चा कारकून राज्याच्या रकान्यात एकदा ‘एन. सी.’ लिहून खाली ‘डू’, ‘डू’, ‘डू’ असं पानभर काढत जायचा, ‘डू’ म्हणजे डिट्टो. त्याला मी मनातल्या मनात आळशी म्हटलं होतं.

एकच मोठं टेबल, म्हणून आजी गृहस्थांच्या शेजारी बसल्या. वही फोमच्या उतरत्या उशांवर ठेवली, पानं दाबायला शिसं भरलेले दोऱ्यांचे साप ठेवले. बेचाळिसाव्या पानावर आजींनी पेन्सिलचं मागचं टोक नेलं, कागदाला न लावता.

नाव त्यांच्या पणजोबांचंच. वय ५२. पूर्वजाच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, सी-ओ-एल. मला ती ओळ चांगली आठवत होती, कारण ती सोडवल्याचा मला अभिमान होता. आमच्या नियमपुस्तिकेत संक्षेप पूर्ण लिहायला सांगितलंय. ‘जे-एन-ओ’ म्हणजे जोनाथन नव्हे, जॉन, हे नवख्यांना कळत नाही, मला पहिल्या आठवड्यात कळलं. पुण्यात दोन वर्षं मोडीचा वर्ग केलेल्या बाईला शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी अक्षरं काय मोठी! दक्षिणेत तर दर तिसऱ्या आजोबाला कर्नल म्हणायचे, सैन्यात असो वा नसो. सूचीत मी लिहिलं होतं, पूर्वज: कर्नल अमुक अमुक. वंश: गोरा.

पदवी नावाच्या आधी येते. ही तीन अक्षरं नावाच्या नंतर होती, मध्ये स्वल्पविराम, पहिलं अक्षर लहान. ‘कलर्ड’, काळ्या माणसासाठी तेव्हा लिहायचा शब्द.

मग कोडं उलगडलं. या राज्यात १८३५पर्यंत स्वतंत्र काळे पुरुष, गुलाम नसलेले, कर भरत असतील तर मत देऊ शकत होते. १८३५ला घटना बदलून ते काढून घेतलं. पण अटीत शब्द होते, ‘किंवा त्याआधी केव्हाही’. या माणसाचे आजोबा त्याआधी मतदार होते. गोऱ्यांसाठी ठेवलेल्या फटीतून तो बावन्न वर्षांचा निरक्षर माणूस नोंदणी कारकुनासमोर उभा राहिला, आजोबांचं नाव सांगितलं, आणि कारकुनाला ते लिहावं लागलं. कोणी समजावलं असेल त्याला ते कलम? कारकून एकदम कसा मानला असेल? वहीत फक्त तारीख आहे, ऑक्टोबर १९०८ची. आणि ज्या पक्षाला तो मत देणार होता त्याच्या पुढाऱ्यांना तो नकोच होता.

मी आजींना सांगितलं, सगळं. सूचीत मी काय लिहिलंय तेही स्क्रीनवर दाखवलं. त्या हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “कर्नल! माझ्या पणजोबांच्या आजोबांना तू कर्नल केलंस!” गृहस्थही हसले. म्हणाले, आमच्या घराण्यात दोन कर्नल आहेत, त्यांनीही कधी युद्ध पाहिलं नाही.

मग त्यांनी आजींना आपल्या फलकाचं सांगितलं. पाहा, हे सगळं डेमोक्रॅटांनी केलं होतं. आजींनी मान हलवली. “हो, त्यांनीच केलं. आणि मग ते सगळे तुमच्याकडे राहायला आले.”

गृहस्थ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आजींना पान उलटायचं होतं तेव्हा त्यांनी साप उचलून धरला.

आजींनी निघता निघता सांगितलं की त्यांच्या आईला नोंदणीला गेल्यावर राज्यघटनेचा परिच्छेद लिहून दाखवायला लावला होता. आई शिक्षिका होती. ते साक्षरतेचं कलम राज्यघटनेत अजून आहे. १९६५च्या मतदान हक्क कायद्यापुढे ते निर्जीव झालं, पण १९७०मध्ये ते काढायचं का म्हणून सार्वमत घेतलं तेव्हा राज्याने ‘नको’ म्हटलं. बायकोने टाकलेला कोट नवऱ्याने कपाटात ठेवावा तसं ठेवलंय.

गृहस्थांना मी पान दिलं, ओळ न लिहिता. पाकिटात घालताना त्यांच्याकडे बघवलं नाही. कागदावर नाही ते आम्ही घालत नाही, असं यांनाच सकाळी ऐकवलं होतं. त्यांनी आठवण करून दिली नाही. मी त्यांच्या जागी असते तर दिली असती.

दुरुस्तीचा अर्ज भरला. त्यात ‘चुकीचं कारण’ असा रकाना आहे आणि पर्याय तीनच: टंकदोष, अस्पष्ट अक्षर, इतर. अक्षर अगदी स्पष्ट होतं. वरिष्ठांनी सही केली आणि म्हणाले, हजारात एखादी नोंद, मनाला लावून घेऊ नकोस. माणूस वाईट नाही, पण तेच वाक्य ते गळक्या छपरालाही म्हणतात. आमची सूची दुरुस्त झाली. वंशावळींच्या खाजगी संकेतस्थळांनी तिच्या प्रती आधीच उचलल्यात, तिथे कर्नल कायम आहेत.

आजींनी छापील प्रती मागितल्या. नवी दिली तर म्हणाल्या, जुनीही दे, ती फ्रिजवर लावायची आहे.

तेव्हापासून संध्याकाळी तासभर थांबून मी आपले कर्नल तपासते आहे. काउंटीच्या सगळ्या भागांच्या मिळून पाच वह्या. आतापर्यंत अकरा सापडले. आठ नावाच्या आधी आहेत. तीन नंतर. त्यातल्या एकाची शाई इतकी उडालीय की नावापुढे आहे तो स्वल्पविराम की माशीचा डाग, हे भिंगातूनही ठरत नाही. उद्या ते पान अतिनील दिव्याखाली घेणार आहे.