नव्या गाडीचा वास आणि आईचा दमा: माझा अनुभव

आमच्या घरातली ही पहिली कोरी गाडी. आधीची सेकंडहँड होती, बाबांनी घेतलेली, 11 वर्षं वापरली. त्यामुळे ही घेताना मी फार अभ्यास केला होता. डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी यार्डात जाऊन पीडीआय, म्हणजे ताब्यात घेण्याआधीची तपासणी केली, ओडोमीटर बघितला, पेंट उन्हात नेऊन बघितला, टायरवरचे शेवटचे 4 आकडे वाचले, 0725 म्हणजे 2025 च्या सातव्या आठवड्यातला टायर, म्हणजे गाडी जुनी पडून राहिलेली नाही हे कळलं आणि मी खूश. आत बसले तेव्हा वास आलाच होता पण तो बघायची गोष्ट आहे हे डोक्यातच आलं नाही.

30 एप्रिलला अक्षय तृतीयेला गाडी घेतली. नागपुरात नवीन गाडी पहिली टेकडी गणपतीला नेतात, आम्हीही शोरूममधून सरळ तिकडेच निघालो. जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता, बाहेर आग ओकणारं ऊन, काचा बंद, एसी फुल. पाच मिनिटांत मागे आईला खोकला सुरू झाला. मला वाटलं गार हवेनं असेल. मग तिनं पदर नाकाला लावला, म्हणाली, "डोळे चुरचुरतायत गं, कसला वास आहे बाप्पा हा एवढा?" दादा म्हणाला, "अगं नव्या गाडीचा वास आहे तो, दोन दिवसात सवय होईल." देवळाशी पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, पंप दोनदा घ्यावा लागला, आणि गाडीची पूजा झाली तेव्हा ती लांब सावलीत बाकावर बसून होती, हातात पेढ्याचा पुडा तसाच. गाडी खरं तर तिच्यासाठीच घेतलेली, रिक्षातल्या धुळीचा आणि धुराचा तिला त्रास होतो म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, पंपाचा डोस बघितला आणि सांगितलं की तीव्र वास, रंग, अगरबत्ती, परफ्यूम ह्या सगळ्यानं दमा उसळू शकतो, वास जाईपर्यंत त्या गाडीत बसवू नका. मग मी वाचायला लागले.

ज्याला आपण कौतुकानं नव्या गाडीचा वास म्हणतो तो डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटचा फोम, कार्पेट, छताचं कापड आणि ते सगळं चिकटवणारा गोंद यातून सुटणाऱ्या वायूंचा असतो. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन, फॉर्मल्डिहाइड वगैरे, एकत्र नाव व्हीओसी, म्हणजे सहज हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं. फॉर्मल्डिहाइडनं डोळे आणि नाक चुरचुरतं, आणि त्याची गणना कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत होते. जपानच्या गाडी कंपन्यांनी 2007 च्या नव्या मॉडेलपासून अशा 13 पदार्थांची मर्यादा स्वतःहून पाळायला घेतली, चीनमध्ये 2012 पासून 8 पदार्थांसाठी मार्गदर्शक आकडे आहेत. म्हणजे आईचा वहम नव्हता तो. आणि मुख्य गोष्ट, उष्णता वाढली की हे वायू जास्त सुटतात. आमची गाडी एप्रिल-मेच्या नागपुरात, उन्हात उभी, काचा बंद. संध्याकाळी दार उघडलं की वासाचा भपकाराच यायचा आणि बेल्टचं बक्कल हाताला चटका द्यायचं.

मग गाडीत नक्की काय काय आहे ते बघायला घेतलं. सीटवरची, दाराच्या पॅनेलवरची प्लास्टिकची कव्हरं दादानं काढलीच नव्हती, नवीन दिसतं म्हणून. ती सगळी ओरबाडून काढली, खाली वास कोंडलेला होता. डॅशबोर्डवर शोरूमनं भेट दिलेली जेलची परफ्यूमची डबी होती, ती काढली, कारण सुगंध म्हणजे आणखी रसायनंच, वासावर वास चढतो एवढंच. आणि सगळ्यात वाईट निघाल्या त्या अॅक्सेसरी पॅकेजमधल्या 7डी मॅट, म्हणजे पायाखालच्या जाड मॅट. मी एक मॅट काढून अंगणात नेऊन नाकाला लावली आणि मलाच ठसका लागला. गाडीपेक्षा मॅटचाच वास जास्त होता! कंपनीतून आलेल्या गाडीला शोरूममध्ये वरून जे चिकटवतात त्याचा वेगळा विचार करा असं मी आता सगळ्यांना सांगते. मॅट गच्चीवर टाकल्या आणि खाली जुन्या सुती सतरंजीचे तुकडे घातले. रेक्झिनची सीट कव्हरं आधीच नको म्हटलं होतं, सीटमधली साइड एअरबॅग अडू शकते म्हणून, ते बरंच झालं.

मग शोरूमला फोन. "मॅडम, नवीन गाडीला असतंच, ओझोन ट्रीटमेंट करून देतो," म्हणजे वास मारायला गाडीत ओझोन वायू सोडायचा, वर पैसे. मी नाही म्हटलं. ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो, शिवाय आतल्या कार्पेट-प्लास्टिकशी त्याची रासायनिक क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणखी तयार होऊ शकतं. दम्याच्या माणसाच्या गाडीत ते मला नकोच होतं.

शेवटी उपाय फुकटचाच निघाला, फक्त चिकाटी लागते. नागपूरचं ऊन गाडी भाजत होतंच, तर त्याचा उपयोग करून घेतला. दुपारी गाडी उन्हात, पण चारही काचा दोन बोटं खाली, संध्याकाळी चारही दारं आणि डिकी उघडून अर्धा तास मोकळी हवा. गाडी तापवून बंदच ठेवली तर सुटलेलं सगळं गार झाल्यावर परत आतच बसतं, म्हणून तापवणं आणि उघडणं दोन्ही पाहिजे. निघताना आधी काचा खाली करून ब्लोअर फुल, मग एसी. आणि ते गाडीत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण असतं ना, ते आम्ही कायम दाबून ठेवायचो, ते बंद केलं. त्यात आतलीच हवा फिरते, वास कोंडतो, आणि चार माणसं असली की कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते ती वेगळीच. कामठी रोडला ट्रकच्या मागे अडकलो की तेवढ्यापुरतं दाबायचं, पुढे गेलो की परत बाहेरची हवा. ग्लव्ह बॉक्सच्या मागचा, आत येणारी हवा गाळणारा साधा पांढरा केबिन फिल्टर काढून कार्बनवाला बसवला, मीच, दहा मिनिटांचं काम आहे. कार्बन टोल्युईनसारखे वायू बरे धरतो, फॉर्मल्डिहाइडवर फारसा चालत नाही, त्यामुळे मोकळ्या हवेला पर्याय नाहीच.

वास कमी होतोय हे मोजायचं कसं, हा प्रश्न होता. मैत्रिणीकडून हवा मोजायचं छोटं मीटर आणलं पण हाताला सॅनिटायझर लावला तरी त्याचा आकडा उडी मारायचा, मग ते परत दिलं. मोजमाप सापडलं ते काचेवर. पुढच्या काचेला आतून एक धूसर, तेलकट थर यायचा, रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्यावर पसरायचा. डॅशबोर्डमधून सुटलेलं गार काचेवर जाऊन बसतं ते हेच. पहिल्यांदा पुसलं तर तीन दिवसांत परत आलं, कापड बोटांना चिकट लागत होतं. काच पुसली की मी कॅलेंडरवर खूण करायला लागले. थर परत यायला आधी तीन दिवस, मग पाच, मग नऊ. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सोळा दिवस गेले आणि डॉक्टरांनी थोडं थोडं बसवून बघा म्हटलं.

पहिल्या दिवशी फक्त कॉलनीची एक चक्कर, काचा अर्ध्या खाली. मग बर्डीच्या बाजारापर्यंत. मग पाऊस सुरू झाल्यावर रामटेक, जायला साधारण 50 किलोमीटर, मी मागे आईच्या शेजारी पंप हातात धरून बसलेले. मनसर गेलं तरी ती दादाला रस्त्यावरची शेतं दाखवत बोलत होती, मग मी पंप पर्समध्ये ठेवला.

मॅट अजून गच्चीवरच आहेत. काच पुसायचं कापड दाराच्या खणात आहे, शेवटची खूण 3 जुलैची, त्याला दीड महिना झाला.