हद्दीचे खुंट आणि रात्रीची गस्त

शनिवार, रात्री उशिरा

आज अखेर शेजारच्या म्बाहच्या, म्हणजे शेजारच्या आजीच्या, जागेची मोजणी झाली. आजी-आजोबांच्या वयाच्या माणसाला इथे सगळे म्बाहच म्हणतात, मीही तेच म्हणते. गाव इंडोनेशियात, जावा बेटावरच्या क्लातेन जिल्ह्यातलं, योग्यकार्ता आणि सोलो या शहरांच्या मधोमध, आभाळ स्वच्छ असलं की मेरापी ज्वालामुखी दिसतो. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं एकदम मोजून जमिनीची प्रमाणपत्रं द्यायची मोहीम काढली आहे. त्याआधी म्बाहच्या हातात काय होतं? गावकचेरीत 'लेटर सी' नावाचं एक जाडजूड रजिस्टर असतं, डचांच्या काळातल्या सारावसुलीतून आलेलं. त्यातली एक ओळ, आणि तीही म्बाहच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन जमाना लोटला. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द लहानपणापासून कानावर पडत आलेल्या मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा धडकीच भरली होती. एका ओळीवर घर, विहीर, नारळ, केळी आणि मागचा गोठा!

त्या ओळीमागे काय उभं आहे ते आज पाहिलं. चारही बाजूंचे शेजारी आपापल्या कोपऱ्यावर येऊन उभे राहिले, कारण लगतवाल्यांच्या संमतीशिवाय हद्द कायम होत नाही. पश्चिमेच्या बाजूला बांबूचं भलंमोठं बेट आहे. दोन्हीकडे फोफावलेलं, त्यामुळे ते कोणाचं हाच प्रश्न होता. पलीकडचे पाक (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे आदराने असं म्हणतात) वयाने साठीचे. ते काही न बोलता खाली बसले, पाचोळा हाताने बाजूला केला आणि कोयत्याच्या टोकाने माती उकरायला लागले. वीतभर खाली नदीतला एक काळा गोटा निघाला, वरून सपाट. म्हणाले, "हा तुमच्या बापाने आणि माझ्या बापाने मिळून पुरलाय. मी दिवा धरून उभा होतो." म्बाहने मान डोलावली. गोट्याशेजारी खुंट ठोकला गेला आणि बांबूचा मोठा भाग म्बाहच्या बाजूला गेला. त्यांना गप्प बसता आलं असतं. तो गोटा त्यांच्याशिवाय कोणाला माहीतच नव्हता. आमच्याकडे बांध कोरण्यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली मी ऐकली आहेत, म्हणून असेल, पण मला भरून आलं.

वाटणीही तशीच. इथे कुठे मुलीला मुलाच्या निम्मं देतात, कुठे सारखं. म्बाहच्या घरात सगळी भावंडं बसून सारखं करायचं ठरलं. त्यातला एक भाऊ तरुणपणीच लांपुंगला गेला, सुमात्रात, जिथे सरकारने जावातली हजारो कुटुंबं नेऊन वसवली. त्यानेही कागद सही करून पाठवला. माझ्या आत्याला राखीपौर्णिमेला साडी देऊन त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. ती साडी तिने एकदाही नेसली नाही. आज म्बाहचा अंगठा शाईत बुडताना मला आत्याचीच आठवण येत होती.

पण या गावातली जमीन नेहमी इतक्या सौम्यपणे मोजली गेलेली नाही. १९६० साली जमीन कायदा आला, त्याच वर्षी धारणेची मर्यादा ठरली, पण कमाल मर्यादेवरची जमीन कुळांच्या हाती येईना. १९६४च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेने कायद्याची वाट न पाहता जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि क्लातेन त्या संघर्षाचं एक मुख्य केंद्र होतं. पुढे ऑक्टोबर १९६५ नंतर लष्कराने आणि त्याच्या जोडीला स्थानिक तरुणांच्या टोळ्यांनी कम्युनिस्ट ठरवलेल्यांचं जे केलं त्यात देशभर किमान पाच लाख माणसं मेली असा अंदाज आहे. कोण कोणाच्या बाजूचं, कोण कुठे राहतो, रात्री कोण घरात असतो, हे सगळं सांगणारे लोक गावातलेच होते. म्बाह तेव्हा लहान मुलगी होती. त्या दिवसांचा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जाते. मी विचारत नाही.

हे मनात ठेवूनच मी इथल्या गस्तीकडे बघते. आज 'मास'ची, म्हणजे माझ्या नवऱ्याची पाळी आहे, म्हणून जागी आहे. रात्री दहाच्या पुढे घरटी एक पुरुष आळीपाळीने चौकीवर. चौकी म्हणजे चार खांब, कौलं, बसायला फळ्या, आणि टांगलेला केंतोंगान: पोखरलेल्या लाकडाचा ओंडका, उभी चीर पाडलेला, ठोकला की आवाज शेतांपलीकडे जातो. आमच्या चौकीत ठोक्यांची पाटी लावली आहे. दोन-दोन ठोके म्हणजे घरात चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार नैसर्गिक संकट. पाच-पाच म्हणजे गुरांची चोरी. गुरांसाठी वेगळा ठोका! ज्याने ही पाटी केली त्याला गावाचा जीव कशात अडकलाय ते नेमकं ठाऊक होतं. बँकेत कमी, गोठ्यात जास्त अशी इथली शिल्लक. पोराची फी, लग्न, दवाखाना, सगळं त्या एका गायीतून निघतं. मोटरसायकल रात्री पुढच्या खोलीत आणून लावतात, आणि गोठ्याच्या भिंतीला लागून कोणीतरी झोपतं.

मेरापीच्या वेळी हेच दिसलं. २६ ऑक्टोबर २०१० ला उद्रेक सुरू झाला, ५ नोव्हेंबरचा सगळ्यात मोठा, आणि त्या दोन महिन्यांत साडेतीनशेच्या वर माणसं गेली. निवाऱ्यात आणलेली माणसं दिवसा परत वर जायची, गुरांना चारापाणी करायला. बाहेरच्यांना तो वेडेपणा वाटला. मला नाही वाटत. गाय गेली तर जीव वाचवून पुढे जगायचं कशावर? पुढे ही गोष्ट नियोजनात आली हे फार बरं झालं. वरच्या गावाची खालच्या एका गावाशी जोडी लावतात. आमच्याच जिल्ह्यातल्या बालेरान्तेची जोडी केबोन्दालेम लोरशी आहे. कोणी कुठे जायचं ते आधीच ठरलेलं, आणि गुरांचीही सोय धरलेली.

गस्तीतला मला सगळ्यात आवडणारा भाग जिंपितानचा. प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीला एक छोटा डबा टांगलेला असतो. पूर्वी त्यात चिमूटभर तांदूळ टाकत, आता पाचशे रुपियांचं नाणं. गस्तवाले मध्यरात्री घरोघर फिरून ते गोळा करतात. त्यातून चौकीचा दिवा, आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं सामान, मयताचा खर्च भागतो. पण खरी गंमत पैशात नाही. नाणं उचलायचं तर प्रत्येक दारापर्यंत जावंच लागतं, कोणाला चौकीवर बसून गस्त घातली असं म्हणता येत नाही. आणि एखाद्या डब्यात नाणं नसलं की सकाळी चौकशी होते. मागे म्बाहचा डबा रिकामा दिसला, तेव्हा ती तापाने फणफणलेली होती. तिला दवाखान्यात नेणारे गस्तीचेच लोक.

आम्ही इथे भाड्याने राहतो. परदेशी माणसाला इथे मालकी हक्काने जमीन घेता येत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. आलो त्या संध्याकाळी पाक आरटेंकडे पासपोर्टच्या झेरॉक्स देऊन आलो. आरटे म्हणजे काही डझन घरांचा गट, त्याचे प्रमुख ते पाक आरटे; जपानी अंमलात १९४४ साली लोकांवर लक्ष ठेवायला बसवलेली रचना, पुढे गावाने आपलीशी केली. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे: मुक्कामी पाहुणा आला तर २४ तासांत कळवा. सुरुवातीला हे अंगावर यायचं. आता माझी आई आली तर सगळ्यात आधी मीच सांगायला जाईन.

तरी एक भीती राहतेच. गावाला ओळखीच्या नसलेल्या माणसाचं काय? चोर समजून पकडलेल्याला पोलीस येण्याआधी जमाव मारतो, हे या देशात घडतं. १९९८ साली पूर्व जावात, बान्युवांगीच्या भागात, करणी करतात या संशयावरून शंभरावर माणसं मारली गेली, आणि त्या घबराटीत रात्री रस्त्यावर दिसलेला अनोळखी माणूससुद्धा सुरक्षित राहिला नाही. तेव्हाही रस्तोरस्ती पहारे होते. पाक आरटेंचा इथे कडक नियम आहे: पकडलं तर हात बांधायचे, चौकीत बसवायचं, पाणी द्यायचं, ठाण्यात फोन करायचा. गस्तीला नव्याने लागणाऱ्या प्रत्येक पोराला ते हे स्वतः सांगतात. नुसता पहारा असून भागत नाही, असा एक माणूस त्यावर लागतो.

आता गावातल्या तरुणांचं म्हणणं आहे की गल्लीच्या तोंडाशी सीसीटीव्ही लावावा आणि गस्त आठवड्यातून दोनच रात्री ठेवावी. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या पोरांना रात्र जागवायला सांगणं सोपं नाही, त्यांचं चूक म्हणवत नाही. पण पुढच्या आठवड्यात बायकांची भिशी आहे, तिथे मी बोलणार आहे. कॅमेरा लावा, मात्र जिंपितान रोज उचला, निदान एका माणसाने तरी. पुरुष पुरत नसतील तर दहा-अकराच्या दरम्यानची फेरी आम्ही बायका घालू. म्बाहच्या सुनेला आत्ताच विचारून ठेवलंय, ती तयार आहे.