साइट एक, नावं तीन

मंडळी, आमच्या पेठेच्या फुटबॉल वेळापत्रकाची साइट आता तिन्ही नावांनी उघडते आणि एकावरही 'कनेक्शन सुरक्षित नाही' येत नाही. मूळ इंग्रजी डोमेन, त्याचं आखूड रूप आणि तिसरं देवनागरी, .भारत शेपटीचं. शाहू स्टेडियमवर मॅच रंगात असताना ज्याला जे आठवेल ते त्यानं टाइप करावं, साइट उघडली पाहिजे.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, टोपणनाव (म्हणजे बाकीचं कुठलंही नाव) नुसतं मूळ पत्त्यावर वळवायचंय, तर त्याला सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) कशाला? अहो, 'तिकडे जा' हे सांगायला सर्व्हरला तोंड उघडावं लागतं, आणि टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, ओळखपरेड त्याच्या आधी होते. ब्राउझर पत्त्याच्या पट्टीतलं नाव सर्टिफिकेटच्या यादीत शोधतो. नसलं की तिथंच अडवतो, रीडायरेक्टची पाळीच येत नाही. सीनेम, म्हणजे डीएनएस या इंटरनेटच्या नाव-पत्ता वहीत एक नाव दुसऱ्याकडे दाखवणारी नोंद, लावूनही भागत नाही. त्यानं आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) सापडतो, तपासलं जातं ते टाइप केलेलं नावच. वाइल्डकार्ड, म्हणजे उपनावांना सरसकट चालणारं सर्टिफिकेट, तेही एकाच डोमेनच्या एका पायरीपुरतं, नुसतं मूळ नावसुद्धा त्यात येत नाही. म्हणून एकच सर्टिफिकेट आणि त्याच्या सॅन यादीत (सर्टिफिकेट ज्या नावांना चालतं ती यादी) सगळी नावं. लेट्स एन्क्रिप्टला (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) अशी 100 पर्यंत चालतात.

सर्व्हर राजारामपुरीत घरीच, जुन्या लॅपटॉपवर. लाइनवर 80 नंबरचं पोर्ट बंद, 443 तेवढं चालू, त्यामुळे नाव आपलंच असल्याची पडताळणी डीएनएसनं केली. आखूड डोमेन जिथं घेतलंय तिथं एपीआय (प्रोग्रामनं नोंदी बदलायची सोय) नाही, म्हणजे दर नूतनीकरणाला टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली मजकुराची नोंद) हातानं भरा. नाद सोडला. त्याऐवजी पडताळणीच्या '_एक्मे-चॅलेंज' या उपनावाला एकदाच सीनेम लावून मूळ डोमेनच्या झोनकडे (त्याच्या डीएनएस नोंदींकडे) पाठवलं. लेट्स एन्क्रिप्ट तो माग धरून टीएक्सटी वाचतं. लय भारी सोय!

देवनागरी नाव एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आणि सर्टबॉटला (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) प्युनीकोडमध्येच, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या रूपात, दिलंय, 'एक्सएन--'नं सुरू होणारं. दिसायला भयंकर, पण ब्राउझरही तेच पाठवतो.

नूतनीकरण टायमरवर टाकलंय. मार्च 2029 पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत 47 दिवसांवर येणार आहे, तेव्हा हातानं करण्यात अर्थ नाही. रंगीत तालीम स्टेजिंगवरच (लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणी सर्व्हरवर) करा. नावांचा तोच संच खऱ्या सर्व्हरवर आठवड्यात 5 वेळाच मिळतो.

राहिलंय ते सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोण देऊ शकतं हे सांगणारी डीएनएस नोंद), आणि देवनागरी नावातला दीर्घ उकार ऱ्हस्व टाइप करणाऱ्या पोरांसाठी चौथं डोमेन. ते घ्यायचं की नाही, यावर कट्ट्यावर अजून वाद चालू आहे.