भिंतीपलीकडचे टॉवर आणि आमची गल्ली

पेपरच्या आतल्या पानावर बोटभर जाहिरात होती. आमच्या कंपाउंडपलीकडच्या म्हाडा वसाहतीच्या रिडेव्हलपमेंटला पर्यावरण मंजुरी मिळाली, प्रत वेबसाइटवर आहे, एवढंच. मार्च २०२४ ची गोष्ट. मी सोसायटीची सेक्रेटरी. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सातही सोसायट्यांचे फोन येऊन गेले. चारमजली इमारतींच्या जागी टॉवर आले तर आपल्या नळाला पाणी राहील का? आणि दर जुलैत तुंबणारं गटार तेवढं पाणी कसं घेणार?

एरवी आम्ही नगरसेवकाकडे गेलो असतो, त्याने विषय प्रभाग समितीत मांडला असता. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि प्रशासक बसले होते. आमच्या वतीने बोलायला कुणी निवडून आलेलं नव्हतंच.

आम्ही जनसुनावणीची वाट पाहत बसलो, ती मोठी चूक झाली. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, हे कळायला बारा दिवस गेले. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला मुदत तीस दिवसांची. शेजाऱ्यांना एकदाही न विचारता एवढं बांधकाम मंजूर होतं, याचा मला आजही राग येतो.

हॉलमध्ये मीटिंग घेतली तेव्हा निम्म्या लोकांना स्टे हवा होता. वसाहतीतल्या एक काकूही आल्या होत्या, आमच्या भिशीतल्या. त्या म्हणाल्या, “ताई, दोन पावसाळे पलंगावर ताडपत्री बांधून काढलेत. स्टे आणलात तर तिसराही तसाच काढायचा का?” यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अपील नको असं ठरलं आणि पालिकेला द्यायच्या पत्राची पहिली ओळ तिथेच लिहिली: या घरांना आमचा विरोध नाही. त्याखाली काकूंनीही सही केली. उद्या त्याच गटाराच्या काठी त्यांनाही राहायचं आहे.

मग मंजुरीची प्रत आणि अर्जासोबतचे कागद पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून उतरवून घेतले. दोन रात्री वाचत बसले. पाण्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा होता. त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी, सांडपाणी शुद्ध करून वापरायचे. उरलेले ९० पालिकेच्या लाइनमधून. हजार घरं आणि घरात पाच माणसं धरली तरी रोज साडेचार लाख लिटर होतात. आमच्या तळटाकीत पहाटे किती फूट पाणी येतं याची नोंद वॉचमन सहा वर्षं वहीत करतोय. ती वही आमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली.

गटाराचं कोडं माहितीच्या अधिकारात सुटलं. दहा रुपयांचा अर्ज, सव्वीसाव्या दिवशी नकाशा हातात. वसाहतीतलं पावसाचं पाणी आमच्याच गल्लीतल्या जुन्या गटारात सोडायचं ठरलं होतं. मागच्या जुलैत पाणी कुठवर चढलं त्याची ओल भिंतीवर होतीच. टेप लावून फोटो काढले आणि पत्राला जोडले. पत्र दिलं की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. पहिलं पत्र मी तसंच देऊन आले होते. महिन्याने ते कुणालाच सापडेना.

चार फेऱ्यांनंतर पालिकेचे इंजिनिअर जागेवर पाहणीला आले, सोबत बिल्डरचा माणूस. ट्रक शाळेच्या वेळेत गल्लीत आणायचे नाहीत, हे लगेच मान्य झालं. बांधकामाभोवती धुळीसाठी लावलेले लोखंडी पत्रे जेमतेम वीस फुटी होते. एक एकराहून मोठ्या प्लॉटला ३५ फूट हवेत, हा पालिकेचा ऑक्टोबर २०२३ चा धूळ-नियम आम्ही सोबतच नेला होता. तीन आठवड्यांत पत्रे बदलले. पावसाच्या पाण्यासाठी मुख्य रस्त्याच्या नाल्यापर्यंत वेगळी लाइन टाकायचं कबूल केलं, इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. नळाच्या पाण्याबद्दल मात्र “बघू”च्या पुढे कुणी गेलं नाही.

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल बिल्डरला दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. डिसेंबरचा मी उतरवून घेतला. नव्या लाइनपुढे ‘काम प्रगतिपथावर’ असं लिहिलंय. त्याच आठवड्यात मी आणि काकू जाऊन त्या जागेचे फोटो काढून आलो. तिथे अजून कुदळ लागलेली नाही. फोटो पत्राला जोडलेत, आणि या वेळी आवक क्रमांकही घेतलाय.